तीरकामठ्याची पारध व जिवाचे रक्षण

भात निसवू लागले, की आमच्या आंबिवलीच्या पंचक्रोशीत शेतकऱ्याची झोप उडते. दाण्यात दूध भरते न भरते, तोच रानडुकरांचा कळप रात्री खाचरात उतरतो. खातो थोडे, आणि लोळून व तुडवून नासाडी करतो फार. भातामागून वालाची पाळी येते. आणि ज्यांनी विहिरीच्या वा नदीच्या पाण्यावर भेंडी, काकडी, रताळी केली असतील, त्यांस तर बारा महिने सुटका नाही. ह्याच विवंचनेत गेल्या महिन्यात आपल्या संघाच्या बैठकीत एका सभासदाने असा प्रश्न केला, की डुकरावर रात्री तीरकामठा घेऊन बसणाऱ्या माणसाने बिबट्यापासून बचाव व्हावा म्हणून बरोबर काय बाळगावे? एकाने भाला सुचविला, दुसऱ्याने कोयता, तिसऱ्याने फटाके, तर चौथ्याने बंदुकीवाचून सारे व्यर्थ असे सांगून वाद संपविला. त्या बैठकीत आम्ही गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण ह्याच लेखात पुढे सांगणार आहोत. परंतु प्रथम प्रश्नाचा विचार करू.

कोणी शहरवासी म्हणेल, की आंबिवली ही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते, कसाऱ्याच्या लोकलगाड्या दिवसभर धावतात, तेथे कसले रान आणि कसले श्वापद? त्यास आमचे उत्तर असे, की शहर वाढले म्हणजे रान मागे हटलेच असे होत नाही. टिटवाळ्यापलीकडे मुरबाड व शहापूर हे तालुके आहेत, बारवीचे जंगल आहे, तानसा अभयारण्य आहे. आणि उल्हास व काळू ह्या नद्यांच्या काठची झुडुपे, ओढे आणि पडीक जमिनी श्वापदांस राजमार्गासारख्या उपयोगी पडतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये खुद्द ठाणे शहरात एका मोठ्या व्यापारी संकुलाच्या आवारात बिबट्या शिरला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेस चिंचपाडा भागातील एका राहत्या इमारतीत बिबट्या शिरून काही माणसे जखमी झाली, आणि कित्येक तासांच्या खटपटीनंतर त्यास बेशुद्ध करून नेण्यात आले. जो प्राणी जिना चढून येतो, तो बांधावर येणार नाही असे कोण म्हणेल? म्हणून प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचे भय खोटे नाही, हे आरंभीच कबूल केले पाहिजे.

आता तीरकामठा हाती कोणाच्या असतो, हे पाहू. आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी बंदूक उरली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे खरी. परंतु परवाना मिळविणे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करणे, निवडणुका आल्या की हत्यार ठाण्यात जमा करणे, ह्या खटाटोपास कंटाळून पुष्कळांनी बापजाद्यांच्या बंदुका सोडून दिल्या. तेव्हा डुक्कर अनावर झाले, म्हणजे शेताचा मालक पाड्यावरच्या एखाद्या कातकरी वा ठाकूर तरुणास बोलावतो. त्यास रात्रीचे जेवण, थोडी रोकड आणि डुक्कर पडल्यास वाटा, असा तोंडी करार होतो. मालक माळ्यावर घोंगडी पांघरून बसतो वा घरी जाऊन निजतो. आणि तो तरुण बांधाच्या कडेला, झुडुपाच्या आडोशाने, अंधारात बसतो. हे आपल्या भागातले उघड गुपित आहे. त्यावर पडदा टाकून हा लेख लिहिता येणार नाही, आणि पडदा टाकणे आमच्या वाचकांसही आवडणार नाही असा आमचा विश्वास आहे.

तीरकामठ्याची पारध ही इतर पारधीपेक्षा अधिक जोखमीची का, हे नीट समजून घेतले पाहिजे. बंदुकीची गोळी वर्मी लागली, तर जनावर बहुधा त्याच जागी कोसळते. बाणाची क्रिया निराळी आहे. बाण जनावराचे रक्त वाहवून त्यास मारतो. त्यामुळे वर्मी बाण लागलेले जनावरही काही अंतर धावते, झाडीत शिरते आणि तेथे पडते. वर्मी न लागलेले तर रात्रभर जिवंत राहते व संतापलेले असते. शिवाय बाण लांबून मारता येत नाही, म्हणून सावजास अगदी जवळ येऊ द्यावे लागते. त्याकरिता वाऱ्याच्या खालच्या अंगास बसावयाचे, खोकावयाचे नाही, विडी ओढावयाची नाही, दिवा लावावयाचा नाही, बहुधा एकट्यानेच बसावयाचे. आणि वेळ ती तिन्हीसांजेची, मध्यरात्रीची वा पहाटेची. आता वाचकांनी विचार करावा. ज्या गोष्टींमुळे बिबट्या मनुष्यापासून दूर राहतो, म्हणजे आवाज, उजेड व माणसांचा घोळका, त्या सर्व गोष्टी पारध करणाऱ्याने स्वतः होऊन टाकून दिलेल्या असतात. त्यातच तो ओणवा वा उकिडवा बसलेला असतो, आणि अशा स्थितीतला मनुष्य अंधारात चतुष्पादासारखा ठेंगणा दिसतो. मग सावज पडल्यावर रक्ताचा माग काढीत तो झाडीत शिरतो. आणि रक्ताचा वास काही एकट्या त्यालाच येत नसतो.

उत्तर अमेरिकेत धनुष्यबाणाची पारध हा परवाना घेऊन करावयाचा छंद आहे, व तेथे त्यासाठी निराळा हंगाम राखून ठेवलेला असतो. तेथील मोठी अस्वले ज्या मुलुखात आहेत, त्या मुलुखातही आपल्या सभासदाने विचारलेला प्रश्नच वारंवार विचारला जातो, की धनुष्याबरोबर दुसरे काय बाळगावे? तेथील पुष्कळ लोक कमरेस पिस्तूल लावतात. दुसरे कित्येक तिखट मिरचीतील जहाल अंश भरलेला फवाऱ्याचा डबा बाळगतात. ह्या दोहोंची तुलना अलास्का प्रांतातील जुन्या घटना गोळा करून तेथील अभ्यासकांनी केली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात १९८५ ते २००६ ह्या काळातील ८३ प्रसंग पाहिले गेले. त्यांत फवारा जवळ असलेल्या माणसांपैकी शेकडा ९८ जणांस काहीही इजा झाली नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात बंदुकीचे २६९ प्रसंग पाहिले. तेव्हा असे आढळले, की अस्वल अंगाशी आल्यावर बंदूक चालविणाऱ्यांस व न चालविणाऱ्यांस सारख्याच प्रमाणात इजा झाल्या. कारण उघड आहे. संकट येते ते एका क्षणात, आणि बंदूक खांद्यावरून उतरवून, रोखून, नेम धरून झाडण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. तेव्हा बंदुकीवाचून सारे व्यर्थ म्हणणाऱ्या आमच्या सभासदमित्राने ह्या आकड्यांचा विचार करावा. मात्र मिरचीचा फवारा आणला की झाले, असेही कोणी समजू नये. अस्वल बहुधा समोरून धावून येते, तर बिबट्या दबा धरून मागून वा बाजूने झडप घालतो. जो दिसलाच नाही, त्याच्यावर फवारा कसा मारणार?

ह्याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील धनुष्यबाणाच्या आधुनिक छंदाचा पाया ज्यांनी घातला, त्यांपैकी डॉक्टर सॅक्स्टन पोप हे एक. ही विद्या त्यांस इशी नावाच्या याही जमातीतील अखेरच्या मनुष्याकडून मिळाली. हा इशी १९१६ साली वारला. पुढे १९२५ साली पोप व त्यांचे सोबती आफ्रिकेत सिंहांवर बाण सोडण्यास गेले, तेव्हा पाठराखणीस बंदुकीही नेल्या होत्या. आमच्या मनात असे येते, की साहेबाने विद्या घेतली ती वनवासी मनुष्याची, आणि संकटाच्या जागी गेला तो बंदुकीच्या आधाराने. आपण मात्र विद्या ज्याची त्यालाच पुढे करतो आणि त्याच्या पाठीशी काहीही उभे करीत नाही.

आपल्या देशातही रक्षणाच्या नाना युक्त्या झाल्या आहेत. १९८६ च्या सुमारास बंगालच्या सुंदरबनात लाकूडतोडे व मध गोळा करणारे डोक्याच्या मागच्या बाजूस माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधू लागले. वाघ पाठीवर झडप घालतो, दोन्हीकडे तोंड दिसले म्हणजे तो बिचकतो, हा त्यातला विचार. आणि काही काळ त्याचा गुणही आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे शेतकरी स्त्रीपुरुष गळ्याभोवती टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्याचे सर्वांनी पाहिले. पूर्वी धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे घालीत. ते माणसांच्या गळ्यात आले. ज्यांच्यावर तो प्रसंग आला, त्यांस हसण्याचा अधिकार कोणासही नाही. तथापि पट्टा मान वाचवील, तो बिबट्या टाळणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

बिबट्यास धरून दुसरीकडे नेऊन सोडा, अशी मागणी आपण नेहमी करतो. त्याचाही अनुभव जुन्नर भागात घेऊन झाला आहे. तेथे बिबटे पकडून इतरत्र सोडण्याचा क्रम सुरू झाला, त्यापूर्वी म्हणजे १९९३ ते २००१ ह्या वर्षांत माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होत. क्रम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये ते सरासरी १७ वर गेले. डॉक्टर विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हा अभ्यास केला. त्यांनीच पुढे अकोले तालुक्यातील उसाच्या व भाजीपाल्याच्या शिवारात कॅमेरे लावून दाखवून दिले, की जंगल नसलेल्या त्या प्रदेशातही दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत होते, आणि त्यांचे पोट मुख्यतः गावच्या कुत्र्यांवर चालत होते. ह्यावरून पारध करणाऱ्यास एक व्यवहारी धडा मिळतो. पुष्कळजण डुकरावर जाताना सोबतीस कुत्रे नेतात. परंतु ज्याच्या भयाने कुत्रे नेले, त्याचेच ते आवडते खाद्य आहे!

एवढे बिबट्याविषयी झाले. परंतु खरे सांगावयाचे तर त्या रात्री बसलेल्या माणसास बिबट्याहून अधिक भय दुसऱ्या दोघांचे असते. पहिले, ज्यास तो मारावयास गेला त्या डुकराचेच. घायाळ एकल डुक्कर समोर येते तेव्हा सुळ्यांचा फटकारा माणसाच्या मांडीस बसतो. मांडीतील मोठी रक्तवाहिनी तुटली, तर दवाखाना गाठेपर्यंत माणूस उरत नाही. दुसरे भय पायाखालचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही आपल्या कोकणपट्टीत आहेत. आपल्या देशात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार. ह्या आकड्यापुढे बिबट्याचे बळी अत्यल्प होत. ह्या माणसांत बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी होती. म्हणून अनवाणी व बिनदिव्याने बांधावर बसणाऱ्या माणसाच्या हाती भाला देण्याआधी त्याच्या पायात बूट आणि हाती विजेरी द्यावी, हे अधिक शहाणपणाचे.

आता कायद्याकडे वळू. महसुली नोकरीत जन्म गेल्यामुळे आम्हांस कागदाची सवय आहे, आणि ह्या प्रश्नाची गाठ कागदातच आहे असे आमचे ठाम मत आहे. इंग्रजी अमलात वाघ वा बिबट्या मारणारास सरकारातून बक्षीस मिळत असे. ते दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पारधीस बंदी केली. आणि ह्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे फास लावणे, आमिष घालणे, हाका घालणे आणि नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा पारधच होय. २०२२ साली ह्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे बिबट्या पहिल्या अनुसूचीत व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. डुकराच्या बेकायदा पारधीस तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि बिबट्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षे कैद व कमीत कमी पंचवीस हजार दंड. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींस जमिनीचे व वनोपजाचे हक्क दिले. परंतु पारधीचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. तेव्हा ‘त्यांस चालते’ हा आपल्यातील समज निखालस खोटा आहे.

ह्याच अधिनियमाच्या अकराव्या कलमात दोन तरतुदी आहेत, त्या प्रत्येक शेतकऱ्याने पाठ कराव्यात. पहिली अशी, की दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी माणसास किंवा उभ्या पिकास धोकादायक झाला, तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने तो मारता येतो. दुसरी अशी, की स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणार्थ सद्भावनेने कोणताही वन्य प्राणी मारला वा जखमी केला, तर तो गुन्हा होत नाही. परंतु तिच्यापुढे एक ‘परंतु’ आहे, आणि सारा जीव त्या ‘परंतु’त आहे. रक्षणाची वेळ आली त्या क्षणी तो मनुष्य ह्याच कायद्याविरुद्ध काही कृत्य करीत असेल, तर त्यास ही सवलत नाही. अर्थ सरळ आहे. भाताची राखण करीत बसलेल्या माणसावर बिबट्या आला आणि त्याने तो कोयत्याने मारला, तर कायदा त्याच्या बाजूस आहे. तोच मनुष्य विनापरवाना डुकरावर तीरकामठा लावून बसला असेल, तर तेच कृत्य गुन्हा ठरू शकते. आणि मग भाला, कोयता, बंदूक हे रक्षणाचे साधन न राहता त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. म्हणून आम्ही म्हणतो, की बरोबर बाळगावयाचे पहिले शस्त्र म्हणजे परवान्याचा कागद होय. तो नसेल, तर दुसरे कोणतेही शस्त्र पुरे पडणार नाही.

आता आम्ही त्या बैठकीत गप्प का बसलो, ते सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. तालुक्याचे व गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील एका सधन शेतकऱ्याच्या खाचरात डुकराने फाडलेला एक कातकरी तरुण रात्री मेला. सकाळी जबाब झाले. मालकाने सांगितले, की हा मनुष्य सरपण गोळा करावयास आला होता, डुक्कर अकस्मात अंगावर आले. पंचांनी माना डोलावल्या. मालक आम्हांस बाजूस घेऊन म्हणाला, “भाऊसाहेब, ह्यात त्याच्या बायकोचेच भले आहे. शिकारीला आला होता असे लिहिलेत, तर तिला सरकारचा एक पैसा मिळणार नाही.” बोलणे आम्हांस पटल्यासारखे झाले. खरे पाहता आम्हांस ते पटवून घ्यावयाचे होते, कारण मालकाशी आमचा परिचय होता आणि त्याच्या घरचा चहा आम्ही घेतला होता. आम्ही अहवालाची स्वच्छ प्रत स्वहस्ते लिहिली. त्याची बायको कचेरीच्या पायरीवर मूल घेऊन बसली होती. तिला वाचून दाखविले, तेव्हा ती एवढेच बोलली, “भाऊसाहेब, सरपणाला मध्यानरातचं कोण जातं?” आम्ही उत्तर दिले नाही.

दोन दिवसांनी रक्ताच्या मागावर मोडका बाण सापडला आणि सरपणाची गोष्ट कोसळली. भरपाईचा अर्ज नामंजूर झाला. परंतु मालकाने त्यास बोलावले होते, जेवू घातले होते, आपल्या पिकासाठी त्यास बसविले होते, हे त्या कागदांत कोठेच नव्हते; कारण आम्ही ते लिहिले नव्हते. खोटा जबाब ज्या विधवेच्या नावाने दिला गेला, तिच्या काही उपयोगी पडला नाही. ज्याने दिला त्याला मात्र पुरेपूर उपयोगी पडला. ह्या गोष्टीस इतकी वर्षे झाली. अनेक चांगली कामे आमच्या हातून झाली असतील, पण आमचे अक्षर आम्हांस आठवते ते त्या कागदावरचे. बिबट्यापासून बचावासाठी बरोबर काय न्यावे असा प्रश्न आला, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती पायरी उभी राहिली, आणि तोंडून शब्द निघाला नाही.

आमच्या ह्या म्हणण्यावर वाचक दोन आक्षेप घेतील, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की परवाना मागावयास गेले, तर तो हाती पडेपर्यंत पीक उरत नाही. २०१५ साली राज्य शासनाने रानडुक्कर व नीलगाय ह्यांच्याबाबत परवान्याची रीत सोपी करण्याचा निर्णय काढला. तरीही कागद फिरता फिरता हंगाम निघून जातो, हा अनुभव पुष्कळांचा आहे. आम्ही स्वतः कागद फिरविणारांपैकी होतो, म्हणून तो खोटा म्हणणार नाही. दुसरा असा, की परवान्याने मारलेले डुक्करही सरकारी मालमत्ता ठरते, त्याचे मांस खाता येत नाही. मग परवान्याचे कष्ट कोण घेईल? ह्यास उत्तर असे, की परवाना पीक वाचविण्यासाठी आहे, मेजवानीसाठी नाही. आणि विलंबाचा उपाय म्हणजे एकेकट्याने कायदा मोडणे नसून संघाने मिळून मागणी करणे हा होय. बिहार व उत्तराखंड ह्या राज्यांत केंद्र सरकारने २०१५-१६ च्या सुमारास रानडुक्कर काही मुदतीपुरते उपद्रवी म्हणून जाहीर केले होते. तसे येथे व्हावे किंवा न व्हावे, ह्यावर मतभेद होतील. परंतु हंगामाच्या आरंभीच, भात निसवण्यापूर्वी, गावचे अर्ज एकत्र करून वन परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यावेत आणि पोच घ्यावी, ह्यावर मतभेद होण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष वागणुकीच्या काही गोष्टी सांगतो. राखणीस जाणाऱ्या कोणीही, मग तो मालक असो वा मजूर, एकट्याने जाऊ नये. हाती लांब काठी व चांगली विजेरी असावी. काठी ही शस्त्र कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे, त्यामुळे तिला परवाना लागत नाही. पायात घोट्याच्या वर येणारे बूट असावेत. अधूनमधून मोठ्याने बोलावे, डबा वाजवावा. लपून बसण्यात डुकराचा लाभ आहे आणि बिबट्याचाही. जमिनीवर ओणवे वा उकिडवे बसण्यापेक्षा माळा बांधावा. कुत्रे नेऊ नये. बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून पळू नये. उभे राहून, हात उंचावून, ओरडत मागे सरावे, आणि त्यास निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी. परवाना मिळालाच, तर तो कोणाच्या नावाने, कोठे व कोणत्या साधनाने, हे नीट वाचावे, आणि काम परवानाधारक बंदूकवाल्याकडून वन खात्याच्या माहितीने करवून घ्यावे. जखमी जनावराच्या मागे अंधारात कोणासही पाठवू नये; सकाळ होऊ द्यावी. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता, चिरा न देता, सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होणारी सर्पविषावरील लस वरील चारही जातींवर चालते. आणि वन्य प्राण्याने कोणी दगावल्यास शासनाकडून वारसांस २५ लक्ष रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद आहे, हे मजुरांसही सांगून ठेवावे. खरे सांगण्यासारखी स्थिती असेल, तरच ते साहाय्य निर्वेध मागता येते.

शेवटी एकच सांगणे आहे. आपले वाचक जमिनीचे धनी आहेत. सातबाऱ्यावर आपले नाव आहे, पिकाचा लाभ आपला आहे, तेव्हा त्या पिकासाठी होणाऱ्या जोखमीचा भारही आपलाच आहे. ज्या रात्री स्वतः बसण्याचे धैर्य आपणांस होत नाही, त्या रात्री दुसऱ्याच्या मुलास दोन भाकरी देऊन बसविणे आपणांस शोभत नाही. तीरकामठ्याबरोबर काय बाळगावे, असे पुन्हा कोणी विचारल्यास आमचे उत्तर हेच राहील, की तीरकामठा पाड्यावर राहू द्यावा. आणि राखणीस माणूस नेलाच, तर त्याच्याबरोबर माळ्यावर मालकाने स्वतः बसावे. मालक शेजारी बसला असता तर त्या रात्री दिवाही लागला असता, आवाजही झाला असता, आणि आम्हांस तो अहवाल लिहावा लागला नसता.